गेणबाला पुढं एक माणूस पाहिजे

गेणबा कोळपे हा माणूस मला तीन वर्षांत कळलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. कळला असता तर कशाला लिहीत बसलो असतो?

मी निमोण्याच्या शिवारातल्या एका शाळेत गुरुजी आहे. घर खुटबावला. शाळा पाचला सुटते आणि आम्ही तिघे शिक्षक एकाच गाडीतून पाच वाजून पाच मिनिटांनी निघतो. गाडी माझी नाही, त्यामुळे मिनिटभर थांबायचं म्हटलं तरी मालकाच्या कपाळावर आठी येते. तर साडेचारच्या सुमारास शाळेच्या फाटकाशी गेणबा येऊन उभा राहायचा. वय अडुसष्ट, डोक्यावर टोपी, हातात घुंगरं बांधलेली काठी. शाळा सुटली की पलीकडच्या वस्तीवरची सहा पोरं त्याच्याभोवती जमायची आणि तो त्यांना उसातल्या वाटेनं घरी न्यायचा. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. वस्तीवरची दोन कुत्री त्यानं उचलली, तेव्हापासून गेणबाचा हा उद्योग सुरू झाला.

पहिलं वर्षभर मी समजत होतो की तो नातवाला न्यायला येतो. एकदा सहज विचारलं, "आबा, यातला तुमचा नातू कोणता?"

"ह्यात माझं न्हाई कुणी," तो म्हणाला. "माझा ल्योक बिरदेव चाकणला हाय, त्याची पोरं तिकडंच."

"मग तुम्ही?"

"मग काय? पोरं हायती न्हवं?"

हे काही उत्तर झालं का? पण त्याला ते पुरेसं वाटत होतं. उलट मी असं का विचारतोय, याचंच त्याला कोडं पडलेलं दिसलं.

गेणबाचं सगळं तरुणपण मेंढरांमागं गेलं. आता चार एकर बागाईत आहे, पण चालायची रीत तीच. कळपाच्या पुढं एक माणूस, मागं एक. पुढच्यानं वाट बघायची, मागच्यानं डोकी मोजायची. पोरांच्या बाबतीतही तेच. पुढं त्याची बायको सखूबाई चालायची आणि मागं तो. या दिवाळीनंतर सखूबाई सुनेच्या बाळंतपणाला चाकणला गेली आणि पुढची जागा रिकामी झाली.

डिसेंबरात एके दिवशी गेणबा वस्तीवर पोचला तो पाचच पोरं घेऊन. सहावा, दुसरीतला शंभू, मागंच राहिला होता. दहा मिनिटांनी तो पाटाच्या कडेला ऊस सोलत बसलेला सापडला. काही झालं नाही, पण गेणबा शपथेवर सांगत होता की त्यानं सहा डोकी मोजली होती. पोरांकडून कळलं ते असं, की सातवीतल्या सोनमनं दप्तर डोक्यावर घेतलं होतं आणि आबांनी ते दप्तरही मोजलं होतं. गेणबा म्हणाला, "धुकं व्हतं." संध्याकाळी साडेपाचला कसलं धुकं?

वस्तीवरचे बाप जमले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शुक्रवारपर्यंत दुसरा माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर ऊस तुटेपर्यंत पोरं घरी. ऊस तुटेपर्यंत म्हणजे मार्च. सहातल्या तीन मुली. मार्चपर्यंत घरी बसलेली सातवीतली मुलगी परत शाळेत येतेच असं नाही, हे मी वीस वर्षांत पुरतं पाहिलंय.

"गुरुजी," गेणबा म्हणाला, "पुढं एक माणूस पाहिजे. तरणा."

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुम्ही का नाही गेलात? पाच वाजून पाच मिनिटं. मला लाज वाटते, पण उत्तर एवढंच आहे.

मी मात्र माझ्या परीनं कामाला लागलो. गावाच्या ग्रुपवर चांगला मजकूर टाकला, 'तरुणांनो, स्वयंसेवक म्हणून पुढे या.' बेचाळीस जणांनी अंगठे दाखवले, अकरा जणांनी हात जोडले. एकानं विचारलं, टी-शर्ट मिळेल का? दुसऱ्यानं विचारलं, प्रमाणपत्रावर सही कुणाची? तिसऱ्यानं खाजगीत फोन करून विचारलं, "सर, गेणबा पंचायतीला उभं राहतंय का? कुणाच्या पॅनेलमधनं?" आमच्याकडे माणूस फुकट काही करायला लागला की तो उभा राहणार, हे ठरलेलंच. प्रत्यक्षात फाटकाशी कुणीच उभं राहिलं नाही.

मग गेणबानं त्याच्या रीतीनं काम काढलं. तो घरोघर गेला, पण कुठल्याच पोराशी बोलला नाही. प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्याशी बोलला. सगळ्यात आधी हौसरावआप्पांकडे गेला. आप्पा मोठे बागाईतदार, सोसायटीवर वीस वर्षं. पूर्वी गेणबा त्यांच्या वावरात मेंढरं बसवायचा. मेंढरं रात्री वावरात बसली की खत आपोआप पडतं, त्यामुळे शेतकऱ्यांत ओढाओढ असायची. पण आप्पांनी 'ये' म्हटलं की गेणबा दुसरीकडे जायचा नाही आणि गेणबानं 'येतो' म्हटलं की आप्पा दुसऱ्याला बोलवायचे नाहीत. घरच्या कर्त्यानं शब्द दिला की सगळ्या घरानं दिला, हे गेणबाला जन्मापासून ठाऊक.

आप्पा म्हणाले, "उद्यापासनं आमचा सत्यजीत यील. जा निवांत." अजून चार घरांतून असेच शब्द मिळाले. गेणबा मला म्हणाला, "पाच जण झालं गुरुजी. येवढ्यांचं काय करायचं आता?"

दुसऱ्या दिवशी एकही आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाप आळीपाळीनं येऊन पोरं नेत होते आणि शुक्रवारपर्यंतचे दिवस मोजत होते. गेणबा रोज फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून उभा. "आप्पांचा शब्द हाय," एवढंच म्हणायचा, पण मला नाही, स्वतःलाच.

मला राग आला. सत्यजीत माझा विद्यार्थी. रांजणगावला कंपनीत पहिली पाळी करतो आणि सव्वाचारला फाट्यावर बसमधून उतरून चहा पीत बसतो. गुरुवारी मी तिथं जाऊन चांगलंच झापलं. आजकालच्या पोरांना कशाचं काही नाही, वगैरे सगळं बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, मला कुणी विचारलं का?"

"आप्पांनी शब्द दिला होता ना?"

"आप्पांनी जेवताना सांगितलं, उद्यापासनं जायचं, मी शब्द दिलाय. मी काय आप्पांचा बैल हाय का? त्यांचा शब्द त्यांनीच पाळावा. आन् आबा तर मला रोज हितं बघत्यात, पर एका अक्षरानं बोलत न्हाईत."

मला वाटलं हा उद्धट आहे. फाटकापर्यंत परत येईतो वाटलं, याचं बरोबर आहे. आणि गेणबासमोर उभा राहिलो तेव्हा काय वाटावं तेच कळेना. मी म्हटलं, "आबा, तुम्ही स्वतः सत्यजीतला विचारा."

गेणबा घाबरलाच. "आप्पांना सोडून? घरातल्या पोराला? तोंड कसं दावू मग आप्पांना?"

"आणि पोरं घरी बसली तर?"

यावर तो काठीची घुंगरं उगाच हलवत राहिला.

शुक्रवारी चारच्या सुमारास तो आला आणि म्हणाला, "गुरुजी, फाट्यावर चला. मी एकटा न्हाई जायचा." मी वर्ग बाईंच्या हवाली केला. बस आली. सत्यजीत उतरला. गेणबा त्याच्यापुढं जाऊन नुसता उभा राहिला. इतका वेळ, की चहावाला आमच्याकडे बघायला लागला. शेवटी सत्यजीतच म्हणाला, "काय आबा?"

"मला दिसत न्हाई," गेणबा म्हणाला.

मी तीन वर्षं ओळखतो त्याला. मलाही सांगितलं नव्हतं.

"दिस कलला की पोरं नुसती हालत्यात फुडं. कोण कुठलं कळत न्हाई. शंभू राहिला तवा धुकं नव्हतं. बिरदेवला म्हाईत न्हाई, सखूलाबी न्हाई. सांगितलं तर काठी काढून घेत्याल माझी." मग थांबून म्हणाला, "तू येतोस का, बाळा? न्हाई म्हणलास तरी आप्पांना सांगणार न्हाई मी."

सत्यजीतनं चहाचा कप खाली ठेवला. "चला," म्हणाला.

आणि मी? मी त्या दिवशीही पाच वाजून पाच मिनिटांनी गाडीत बसलो. त्यामुळे पुढचं मला शनिवारी सकाळी सहा पोरांनी एकदम ओरडून सांगितलं. ते जुळवून लिहितो.

सत्यजीत मागं राहिला आणि गेणबा पुढं चालला. वाट त्याला पायांनी पाठ होती, डोकी मोजायला डोळे सत्यजीतचे होते. सहाच्या आत सगळे वस्तीवर पोचले, कुणी मागं राहिलं नाही. सत्यजीत परत जायला वळला तर गेणबानं त्याचं मनगट धरलं.

"एकटा जाणार? ह्यातनं?"

"दीड किलोमीटर तर हाय, आबा."

"एकट्यानं कुणीबी जायाचं न्हाई. मी सोडतो चल."

"आन् तुम्हाला परत कोण आणणार?"

गेणबाला हे सुचलंच नव्हतं. तो विचार करत राहिला, पण मनगट सोडेना. वस्तीवरच्या एकानं गाडी काढतो म्हटलं, तर तोही परत एकटाच येणार, म्हणून सोडेना. अंधार पडायला लागला. मग सत्यजीतनं दुसऱ्या हातानं फोन काढला आणि आपल्या दोस्ताला, हृतिकला लावला. पोरं सांगत होती, की तो हुकूम सोडल्यासारखं बोलला नाही. "अरे, मी हितं अडकलोय, येतोस का? आन् उद्यापासनं येशील का रोज? आबांना माणूस पाहिजे. तूच ठरव, जबरदस्ती न्हाई."

वीसएक मिनिटांत उसाच्या कडेनं उजेड आला. हृतिक मोटारसायकलवर होता आणि त्याच्या मागोमाग त्याची बहीण हर्षदा स्कूटीवर. तिला कुणी बोलावलं नव्हतं, फोनवरचं ऐकून ती आपणहून निघाली होती.

"किती हायती रं?" गेणबानं विचारलं.

"दोघं, आबा. माझ्यासंगट तिघं."

तेव्हा त्यानं मनगट सोडलं.

इथपर्यंत सगळ्या पोरांचं एकमत होतं. पुढं शंभू म्हणाला, आबा रडले. सोनम म्हणाली, अजिबात न्हाई, हसले. त्यावरून वर्गात भांडण जुंपलं. सोमवारी फाटकाशी सत्यजीत उभा होता, शेजारी गेणबा. मी सत्यजीतला बाजूला घेऊन विचारलं, खरं काय ते सांग.

"अंधार व्हता सर," सत्यजीत म्हणाला, "मला कुठलं दिसतंय?"