जहाजाचा तिसरा भाग

केजच्या बसस्टँडमागं राधाकिशनचं व्हिडिओ सेंटर होतं. पत्र्याचं लांबट शेड, पुढं मोठा टीव्ही, खाली मांडवातली सतरंजी. दुपारी तीनचा खेळ असायचा आणि उन्हाळ्यात आतली माणसं घामानं निथळायची, तरी उठायची नाहीत. एक्क्याण्णव साली राधाकिशनने औरंगाबादहून एका इंग्रजी पिक्चरच्या कॅसेटी आणल्या. एकाच कथेचे पाच भाग होते. मूळ नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. आभाळात फिरणारं भलंमोठं जहाज, त्यावर एक कप्तान आणि त्याच्या मागावर असलेले परग्रहावरचे लोक, एवढं चित्रावरून कळलं. म्हणून केजमध्ये त्याला ‘जहाज’च म्हणायचे. जहाज एक, जहाज दोन, असं.

पहिल्याच खेळाला अर्ध्या तासात कुरकुर सुरू झाली. मारामारी समजत होती, पण कोण कुणाला काय बोलतंय याचा पत्ता लागेना. “ए शेठ, हे कावून भांडायलेत तेवढं तरी सांग की,” असं कुणीतरी ओरडलं. राधाकिशनला इंग्रजीचं ओ की ठो येत नव्हतं. पण त्याला सर्जेराव ओव्हाळ आठवला.

सर्जेराव तेव्हा तिशीच्या आतबाहेर होता. तहसील रस्त्यावर त्याचा टायपिंगचा क्लास होता. सहा यंत्रं, खिडकीशी फळा, भिंतीवर बोटं कुठल्या अक्षरावर ठेवायची त्याचा तक्ता. ओढ्यापलीकडच्या भीमनगरातला हा पोरगा स्वतःच्या बळावर मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांची परीक्षा पास झाला होता, आणि आता बाजारपेठेतली माणसं त्याला ‘मास्तर’ म्हणत. वडील खडी फोडायला जायचे. त्यांना उभ्या जन्मात कुणी अहोजाहो केलं नव्हतं. सर्जेरावला त्या ‘मास्तर’ शब्दाची किंमत ठाऊक होती.

त्याला इंग्रजी येतं, ही गावाची समजूत होती. खरं असं होतं की त्याच्या बोटांना इंग्रजी येत होतं. पानभर मजकूर तो एकही चूक न करता उतरवायचा, सरकारी पत्रातली ठरावीक वाक्यं त्याला कळायची. पण पिक्चरमधले गोरे बोलायला लागले, की भरधाव एसटीची पाटी वाचायला जावं आणि ती निघून जावी, तसं व्हायचं. एखादा शब्द हाती लागायचा, बाकी सगळं पुढं गेलेलं असायचं.

हे त्याने राधाकिशनला सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही. टीव्हीशेजारी स्टुलावर बसला, माइक हातात घेतला आणि समोरच्या शंभर तोंडांकडं बघून बोलायला लागला.

सुरुवातीला अंदाजानं. मग अंदाज संपले आणि त्याच्या मनातून गोष्ट निघायला लागली. कप्तानाच्या गावाकडच्या विहिरी आटल्यात, म्हणून तो पाण्याचा ग्रह हुडकत फिरतोय. परग्रहावरचे लोक पाण्यावर पहारा देतात. लोक पुढं सरकून बसले. पाचही भाग झाले, आणि ते परत लावा म्हणून राधाकिशनच्या मागं लागले. आता सर्जेरावला एकदा सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी लक्षात ठेवणं भाग होतं. तो ठेवायचा.

पिक्चर सुटला की सगळे समोरच्या हॉटेलात बाकड्यावर. तहसीलमधले कारकून विठ्ठलराव चार नंबरच्या भागाचे. कापड दुकानवाला महारुद्र तीन नंबरचा. बाकीची पोरं दोन नंबरची, कारण त्यात लढाया जास्त.

“तीनमध्ये हाय काय? निस्तं रडगाणं,” विठ्ठलराव म्हणायचे. “चार बघा! म्हातारीचं सोंग घेऊन शत्रू येतो, कप्तान वळखतो, अन् धाडकन गोळी घालतो. ह्याला म्हणत्यात डोस्कं.”

“पण ती म्हातारी कोण हाय हे तीनमुळंच कळतं ना?” महारुद्र उसळायचा. “तीन काढून टाका, मग तुमच्या चारला अर्थच न्हाई.”

“मास्तर, तुमीच सांगा,” विठ्ठलराव म्हणायचे.

सर्जेराव बशीतला चहा फुंकत हसून वेळ मारून न्यायचा. त्या वादातलं प्रत्येक वाक्य आपल्याच डोक्यातून निघालंय, हे त्या बाकड्यावर त्याला एकट्यालाच माहीत होतं. आधी त्याला त्याची गंमत वाटायची. नंतर नंतर तीनचं नाव निघालं, की तो चहा अर्धा टाकून उठायला लागला.

त्याला कारण महारुद्र होता.

दोघं शाळेपासूनचे दोस्त. महारुद्रची आई उमाबाई, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. पहिल्या वेळी तिने सर्जेरावला चहा वेगळ्या कपात दिला होता. तो कप पुढं कधी बंद झाला हे दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. ब्याण्णवच्या दिवाळीआधी महारुद्र सोलापूरला माल भरायला गेला, आणि साध्या तापानं पडलेली उमाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. महारुद्र पोचला तेव्हा माती द्यायचीच तेवढी बाकी होती. तो रडला नाही. पंधरा दिवस दुकानात बसून मीटरपट्टीनं कापड मोजत राहिला, कुणाशी धड बोलला नाही.

त्याच सुमाराला जहाज तीन लागला. महारुद्र येऊन दुसऱ्या रांगेत बसला. पडद्यावर काचेच्या खोलीत एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती, काचेबाहेर कप्तान, आणि तो रडत होता. बाई काहीतरी लांबलचक बोलत होती. सर्जेरावला त्यातला एक शब्द कळला नाही. आधीच्या खेळांना या जागी तो काही न सांगताच पुढं जायचा. त्याने महारुद्रकडं पाहिलं, आणि माइकमध्ये म्हणाला,

“ही त्याची आई हाय. ती म्हणतीय, लेकरा, तू वेळेवर आला न्हाईस म्हणून मनाला लावून घेऊ नको. मी दार लावू दिलं न्हवतं. तू येणार हे मला ठावं होतं.”

महारुद्रने गुडघ्यात डोकं घातलं आणि हुंदके देऊन रडला.

त्यानंतर तो भाग जितक्यांदा लागला तितक्यांदा महारुद्र आला. चारमध्ये कप्तान त्याच बाईला गोळी घालतो, हे सर्जेरावला त्या घटकेला आठवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याला शत्रूचं सोंग रचावं लागलं. ते विठ्ठलरावांना फार आवडलं.

शहाण्णव साली केजमध्ये केबल आली. एका रविवारी टीव्हीवर जाहिरात झळकली, की पाचही भाग हिंदीत, दर रविवारी दुपारी दोन वाजता. हॉटेलात जल्लोष झाला. सर्जेराव घरी आला आणि न जेवता बसून राहिला.

त्याची बायको पौर्णिमा बालवाडीत शिकवायची. तिला सगळं ठाऊक होतं. “बाकीच्यांचं सोडा,” ती म्हणाली, “महारुद्र भावजींना आधी जाऊन सांगा. टीव्हीनं सांगितल्यावर तोंड दावायला जागा राहणार न्हाई.”

पहिला भाग झाला. पाण्याचा ग्रह वगैरे काही नव्हतंच, ती सगळी खाणीच्या धंद्याची भांडणं होती. विठ्ठलराव हसून म्हणाले, “मास्तर, तुमी लईच मीठमसाला लावलता की!” बाकडं खदखदलं. एकटा महारुद्र हसला नाही. “हिंदीत करताना बदलत्यात,” तो म्हणाला. “सर्जा इंग्रजी ऐकून सांगत होता. खरं तेच असंल.” दुसऱ्या भागानंतरही तो हेच म्हणाला, उलट जास्त चढ्या आवाजात. सर्जेरावला मान वर करवेना.

तिसऱ्या भागाच्या आदल्या दिवशी तो दुकानात गेला. सांगायचंच असं ठरवून गेला होता. महारुद्र गिऱ्हाइकाला पातळं दाखवत होता. त्याला बघताच म्हणाला, “बरं झालं आलास. उद्या दोनला घरी ये. तुझ्याबिगर बघायचा न्हाई. शिवानीलाबी दावायचाय. तिला आज्जी आठवत न्हाई रे. म्हणलं, बघ, अशी होती तुझी आज्जी.”

सर्जेराव पुढ्यातल्या पातळाची घडी नीट करत राहिला. “येतो,” म्हणाला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरला.

रविवारी तो गेला. न जाऊन सुटका नव्हती. महारुद्र, त्याची बायको, सहा वर्षांची शिवानी, सगळे टीव्हीसमोर बसलेले. काचेची खोली आली. महारुद्रने शिवानीला मांडीवर ओढून घेतलं. पांढऱ्या केसांची बाई बोलायला लागली, आणि यावेळी तिचा शब्द न् शब्द कळत होता. ती कप्तानाची वरिष्ठ अधिकारी होती. तिने त्याचं जहाज शत्रूला विकलं होतं. त्याची माणसं मेली, तो त्यांच्यासाठी रडत होता, आणि ती थंडपणे त्याला सांगत होती की असल्या माणसांची मोजदाद कुणी ठेवत नसतं.

“पप्पा,” शिवानी म्हणाली, “ही तर वाईट बाई हाय.”

महारुद्र उठला. टीव्ही बंद केला. पाठमोराच उभा राहून म्हणाला, “मास्तर, तुमी जावा आता.”

शाळेपासून त्याने सर्जेरावला कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. आधी चेष्टा झाली, मग चेष्टेला धार आली. ज्याला इंग्रजी कळत नाही तो इंग्रजी टायपिंग काय शिकवणार, असं म्हणत तीनचार जणांनी आपल्या पोरींना क्लासमधून काढलं. टायपिंगला बोटं लागतात, हे सर्जेरावने एकदोघांना सांगून पाहिलं. मग त्यालाच ते लंगडं वाटायला लागलं. एक दिवस तो हॉटेलवरून चालला असताना विठ्ठलराव कुणाला तरी म्हणत होते, “आपुनच मास्तर मास्तर म्हणून डोक्यावर घेतलं. न्हाईतर ह्यांना कुठलं इंग्रजी?” त्यातल्या ‘ह्यांना’वर किंचित जोर होता. सर्जेराव थांबला नाही. पण त्यानंतर त्याने तो रस्ता सोडला आणि क्लासला मागच्या गल्लीनं जायला लागला.

तीन महिने असे गेले. मग एका दुपारी महारुद्र क्लासच्या दारात उभा राहिला. आत पोरींची बोटं खडखडत होती. तो तास संपेपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिला. पोरी गेल्या, तसा आत आला.

“एकच इचारायला आलो. ते शब्द कुणाचे होते?”

सर्जेरावने यंत्रावर झाकण घातलं. “दाराचं तुझ्या आईचं होतं.”

“आईचं?” महारुद्र म्हणाला.

“त्या दिवशी सकाळी मी तुमच्याकडं गेलतो. वहिनी डॉक्टरला बोलवायला गेल्या होत्या, घरात मी अन् तुझी आई. वारं येत होतं म्हणून मी दार लोटायला लागलो, तर म्हणाल्या, दार लावू नको, रुद्रा यायचाय. मग पाणी मागितलं. मी पाजलं. त्यानंतर त्या बोलल्याच न्हाईत.”

“तू पाणी पाजलंस?”

“हं.”

“अन् बाकीचं? लावून घेऊ नको, ते?”

खोटं बोलायला हीच वेळ सगळ्यात सोपी होती. “ते माझं,” सर्जेराव म्हणाला. “ते त्या म्हणल्या न्हाईत.”

महारुद्र खाली बसला. मग त्याचा आवाज चढला. “चार वरीस, सर्जा! माझ्या आईचा शेवटचा शब्द तुझ्यापाशी होता, अन् तू मला सांगितला न्हाईस. शंभर माणसांत माइकवर सांगितलास, गोऱ्या बाईच्या तोंडात घालून!”

“तोंडावर सांगायची छाती झाली न्हाई. तू पोचला नव्हतास. दार लावू नको म्हणल्या हे तुला सांगितलं असतं, तर तू सोलापूरला गेल्याचं स्वतःला कधी माफ केलं नसतंस. म्हणून पुढचं जोडलं.”

“ते माझं मी बघितलं असतं बे!”

महारुद्र तसाच उठून गेला.

तो पुन्हा बोलायला लागला, पण लगेच नाही. पुढल्या वर्षी पौर्णिमेच्या वडिलांचं निधन झालं तेव्हा भीमनगरात भेटायला आला, चटईवर बसला आणि जाताना म्हणाला, “दुकानात येत जा.” त्यात ‘तू’ होता. सर्जेराव जायला लागला. दोघं कापडाचे भाव, पावसापाण्याचं, शिवानीची शाळा, असं बोलायचे. उमाबाईचा विषय महारुद्र काढायचा नाही आणि सर्जेरावची हिंमत व्हायची नाही. पहिल्यासारखं झालं नाही. दोघांनाही ते कळत होतं.

राधाकिशनने सेंटर मोडून एसटीडी बूथ टाकला. सर्जेरावने माइक पुन्हा हातात घेतला नाही. पण अडतिसाव्या वर्षी त्याने एक गोष्ट सुरू केली. रोज दुपारी जेवणानंतर टीव्हीवरच्या इंग्रजी बातम्या लावायचा, मांडीवर वही आणि डिक्शनरी. ऐकू आलेले शब्द लिहायचा. पहिल्या महिन्यात पानाला चार शब्द यायचे. पौर्णिमा एकदा म्हणाली, “आता कुणाला दावायचंय?” तो म्हणाला, “कुणाला न्हाई.”

पुढं जहाजाचा सहावा भाग आला. बीडच्या टॉकीजला हिंदीतच लागला. हॉटेलातली मंडळी जीप ठरवून गेली. महारुद्र गेला नाही. दुकान सोडून जाता येत नाही म्हणाला. संध्याकाळी जीप परतली, तेव्हा सर्जेराव त्याच्या दुकानात बसला होता. समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर लगेच जुंपली. सहावा पार बिघडवलाय, चारची सर कशालाच नाही, असं विठ्ठलराव तावातावानं सांगत होते. पोरं दोनचं घोडं पुढं दामटत होती. तीनचं नाव कुणी घेत नव्हतं. महारुद्र थोडा वेळ ऐकत राहिला, मग गिऱ्हाईक आलं तसा उठला आणि फळीवरचे तागे खाली काढायला लागला.