बसच्या रस्त्यानं लावलेले गठ्ठे

माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं कौतुक मला एका तपासणीच्या दिवशी मिळालं. ते मी फुकटात लाटलं होतं, हे कळायला केस पांढरे व्हावे लागले. तहसीलचं नाव सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. तिथं गेले की अजून मला चहा मिळतो, तो बंद व्हायला नको.

नोकरीला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. दोन वेण्या, टायपिंगची परीक्षा पास, आणि सरकार आता आपल्या हाती सुखरूप आहे असा माझा ठाम समज. पहिल्याच दिवशी शिपाईकाकांनी रेकॉर्ड रूमची किल्ली हातात ठेवली आणि म्हणाले, "उंदरायवर लक्ष ठेवजा, बाई." हे माझं प्रशिक्षण. पुढं त्यात कोणी भर घातली नाही.

खोलीत जमिनीपासून छतापर्यंत लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे. एकेका गठ्ठ्यात एकेका गावचे जुने कागद आणि कोतवाल बुकं, म्हणजे पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहायचा त्या वह्या. ते गठ्ठे कुठल्या क्रमानं लावलेत, मला कळेना. विचारावं कोणाला? विचारलं तर हिला काही येत नाही असं होईल. अशात मोठे साहेब तपासणीला येणार असं कळलं. मी पदर खोचला, सगळे गठ्ठे खाली काढले, मळकी फडकी बदलली आणि परत रचले. माझ्या क्रमानं.

माझा क्रम कोणता? मी राहायचे ती भाड्याची खोली बसस्थानकासमोर होती. तिथला कंट्रोलर दिवसभर भोंग्यावरून गावं ओरडायचा, अमुक मार्गे तमुक. तालुक्यातली गावं मला ठाऊक होती ती त्या भोंग्याच्या हिशेबानं. मग मी गठ्ठेही तसेच लावले. बस जशी थांबत जाते, तशी गावं फळीवर थांबत गेली. आणि जिथं बस जातच नाही, त्या वस्त्या? त्यांच्या पातळ वह्या मी कुठल्यातरी थांब्याच्या गठ्ठ्यात सारून दिल्या. बाहेर फडक्यावर त्यांचं नाव लिहिलं नाही. फडक्यावर जागा नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. जागा होती.

साहेब दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "वा, किती नीटनेटकं." माझ्या वेण्या त्या दिवशी दोन बोटं वाढल्या असाव्यात. त्यानंतर कुठलाही कागद माझ्याशिवाय कोणाला सापडेना, आणि मला वाटायचं यालाच कर्तबगारी म्हणतात. मी सुटीवर गेले की अर्धा तालुका सुटीवर जायचा. मग माझी बदली झाली. किल्ली मी रीतसर सोपवली. क्रम डोक्यात घेऊन गेले.

यंदा पावसाळ्यात, मी यवतमाळच्या घरी गवारीच्या शेंगा मोडत बसले असताना, दारात एक पोरगी आली. सलवार-कमीज, पाठीला सॅक, हातात जाडजूड वही.

"आजी, त्या तहसीलात रेकॉर्ड रूमले तुमीच होत्या ना जी?"

निवृत्त माणसाला असं कोणी विचारलं की आधी चौकशीच आठवते. मी म्हटलं, "कोण विचारतं?"

"मीच. ट्रेनिंगवर आहो तिथं. सहा महिन्याचं."

पोरगी वणीची निघाली. वडील कोळशाचा ट्रक चालवतात. तिनं सॅक ठेवली आणि न सांगता माझ्या ताटातल्या शेंगा मोडायला घेतल्या, त्याही शिरा काढून. मला तिथंच ती आवडली. तिला कामावर पाठवायच्या आधी दोन दिवस यवतमाळला बसवून शिकवलं होतं. जुना कागद कसा धरायचा, फोटो कसा काढायचा, आणि पहिला महिनाभर कशालाही हात लावायचा नाही. जे जसं आहे तसं आधी लिहून काढायचं.

"महिनाभर नुसतं लिहिलंस?"

"हो ना. कोणत्या फळीवर कोणता गठ्ठा, सारं. आमचे अव्वल कारकून म्हणत, ही पोरगी नुसती वही घेऊन फिरून राह्यली. एक गठ्ठा तं झटक म्हणे."

मी दोन आठवड्यांत खोली उलटीपालटी केली होती. ही महिनाभर वही घेऊन फिरली. शिकवलेली आणि न शिकवलेली यांत एवढाच फरक असतो, पण तो केवढा असतो ते मी त्या शेंगांच्या ताटावर बसून पाहत होते.

"मग एक दिवस वणीच्या गाडीची वाट पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "स्टँडवर भोंगा चालू होता. आयकता आयकता वही उघडली तं गावं तशीच लागलेली. गठ्ठे बसच्या रस्त्यानं लावलेत, आजी. कोनं लावले असतील, बाप्पा?"

"असेल कोणीतरी बावळट."

"नाही जी, हुशार होती. फक्त सांगून नाही गेली."

मग तिनं खरं काम काढलं. पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक मुलगी रोज तहसीलात येत होती. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. जातीच्या पडताळणीसाठी पणजोबाची जुनी नोंद हवी होती. शुक्रवारपर्यंत नक्कल दिली नाही तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार. आणि त्या पोडाचं नाव कुठल्याच फडक्यावर नव्हतं. तो दिवस मंगळवार होता.

"मला काही आठवत नाही गं," मी म्हटलं. काय केलं ते आठवत होतं. कुठं सारलं ते खरंच आठवत नव्हतं. पण अर्धं खरं बोलायची सवय नोकरीतली.

ती रागावली नाही. तिनं वहीत तारीख घातली आणि लिहिलं, 'आठवत नाही म्हणाल्या.' माझ्या आयुष्यात कोणी मला इतक्या सभ्यपणे खोटं पाडलेलं नाही. बुधवारी सकाळच्या एसटीनं मी तहसीलात हजर.

व्हरांड्यातल्या बाकावर ती कोलाम मुलगी बसलेली, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल, शेजारी तिची आजी. मी आत जाऊन भिंतीवरचा नकाशा पाहिला आणि मोठ्या रुबाबात पोडाच्या जवळच्या गावाचा गठ्ठा काढायला लावला. त्यात नव्हतं. त्याच्या पुढच्या गावाचा काढला. त्यातही नव्हतं. अव्वल कारकून खुर्चीतूनच म्हणाले, "मॅडम, तुमच्या काळात म्हणे सारं सापडत होतं."

"तेव्हा शोधणारे उभे राहून शोधायचे," मी म्हटलं. पण घाम मलाच फुटला होता. बाकावरच्या मुलीनं पिशवीची गाठ सोडली होती ती पुन्हा बांधली, हे मला दारातून दिसलं.

प्रशिक्षणार्थी पोरीनं हळूच विचारलं, "आजी, आपण नकाशा पाहून जवळचं गाव धरलं. तुमी तवा नकाशा पाह्यला होता का?"

"नकाशा कशाला पाहते मी. कंट्रोलरला विचारलं असेल, हे लोक उतरतात कुठं."

ती तशीच बाहेर गेली आणि म्हातारीपुढं उकिडवी बसली. "आजी, तुमी पोडावर जाले कुठं उतरता जी? जवळच्या गावात?"

"तिथं कायले उतरू?" म्हातारी म्हणाली. "मंधात नाला आहे. फाट्यावर उतरतो अन् टेकडीवरून जातो. माह्या सासूच्या काळापासून तसंच."

फाटा त्या गावाहून बराच अलीकडं. फाट्यावरच्या गावाचा गठ्ठा वरच्या फळीवर होता. खाली घेतला, सोडला, आणि दोन जाड वह्यांच्या मध्ये ती पातळ वही. माझा हात झेपावलाच. "थांबा आजी," पोरगी म्हणाली आणि पानाखाली पुठ्ठा सरकवून एकेक पान उलटू लागली. पानं माझ्या हातात तुटली असती. तिच्या हातात उलटत गेली.

बऱ्याच पानांनंतर पणजोबाचं नाव सापडलं, समोर जातीच्या रकान्यात कोलाम. मुलीला आत बोलावलं. तिनं कागदाला न लागू देता बोट धरून वाचलं, मग आजीला त्यांच्या बोलीत काही विचारलं. म्हातारीनं होकारार्थी मान हलवली. गुरुवारी मी पुन्हा गेले, दुपारी नकलेवर सही-शिक्का झाला. मुलगी लगेचची गाडी धरून यवतमाळला गेली.

म्हातारी मागं राहिली, चहा पीत. मला म्हणाली, "तुमी इथं नवकरीले होत्या?"

"होते ना."

"आमच्या पोडावर नाही आल्या कधी."

"बस जात नव्हती, आजीबाई."

"पायी येता येते," ती म्हणाली. टोमणा नव्हता. रस्ता सांगावा तसं सांगितलं.

मला वाटलं होतं, आता ही पोरगी गठ्ठे नव्यानं लावेल. तिनं एकही हलवला नाही. म्हणाली, "क्रम राहू द्या तुमचा. फक्त लिहून ठेवू." तिच्या यादीत आता गावाच्या नावापुढं फळी आहे, बसचा थांबा आहे, आणि जिथं बस जात नाही तिथं पायवाट कुठून जाते तेही आहे. ते ती माणसांना विचारून भरते. कोणाचंही काम असो, आलेला माणूस बाकावरून उठायच्या आत त्याच्याकडून एक पायवाट काढून घेते. अव्वल कारकूनही आता स्वतःच्या गावाकडच्या वाटा सांगतात, उभे राहून.

फडक्यांवर पोडांची नावं लिहायचं काम तिनं माझ्याकडं दिलंय. दर बुधवारी जाते. जाड पेन, मोठं अक्षर. जागा भरपूर आहे.

पुढच्या महिन्यात तिचे सहा महिने संपतात. तिच्या जागी जो येईल त्याच्यासाठी तिनं वहीच्या पहिल्या पानावर सूचना लिहिल्या आहेत, काय कुठं आहे, कशाला हात लावायचा नाही, अडलं तर कोणाला विचारायचं. तिथं माझा फोन नंबर आहे. आणि माझ्या आग्रहावरून सगळ्यात खाली उंदरांबद्दलही एक ओळ आहे.