पडद्याआडून दिलेला अंगठा

दहिवलीत आमच्या भिंतीला लागून सफुराचं घर. तिच्या नवऱ्यानं, जमालभाईंनी, टेंपो चालवून बांधलं आणि तिच्याच नावावर केलं. मूलबाळ नाही. बाई बोलायला तिखट. माझ्या भाकरीला नकाशा म्हणायची, आणि तीच भाकरी मागून खायची. ती कुणाला घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

जमालभाई गेले आणि सफुरा इद्दतीत बसली. त्यांच्यात नवरा गेला की बायको चारेक महिने घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. सख्ख्या भावाच्या मुलाला मात्र मुभा. तो रिझवान; तिला फुफी म्हणायचा, म्हणजे आत्या. रोज यायचा, भाजी आणायचा, लाइट बिल भरायचा. गल्लीत सगळे म्हणत, भाचा असावा तर असा.

एक दिवस तो वकील घेऊन आला. मी तेव्हा पनवेलला लेकीकडे होते, हे सफुरानं मागाहून सांगितलं. वकील ओटीवर, ती आत, मधे चादरीचा पडदा. वकिलानं बाहेरून इंग्रजीत काहीतरी वाचलं. रिझवान कागद घेऊन आत आला.

"फुफी, घराच्या कामाला कचेरीत हेलपाटे घालायचे हायत. तुला तर बाहेर पडता येत नाय. मला मुखत्यार कर."

"घर विकायचं नाय ना रं?"

"तोबा! टॅक्स भरायलासुद्धा लागतं गं हे."

तिनं अंगठा दिला. पडद्याच्या दोन्ही बाजूंना जाणारा तो एकटाच होता.

इद्दत सुटून काही महिने झाले आणि बँकेची माणसं दारावर नोटीस चिकटवून गेली. त्या मुखत्यारपत्रावर रिझवाननं घर तारण ठेवून कर्ज उचललं होतं, आणि हप्ते थकले होते. तिनं विचारलं तर हसला. "धंद्यात फिरवलेत. भरीन की." आणि त्याच संध्याकाळी बिछाना घेऊन राहायला आला, फुफीला एकटी कशी ठेवू म्हणून. तिचा फोन त्याच्या खिशात. मी गेले की दारातच अडवायचा, "झोपलीय ती, आजी." जन्मात दुपारची न झोपलेली बाई!

एकदा मोरीच्या खिडकीतून ती कुजबुजली, "आवडी, त्यो आता गिऱ्हाईक आणतोय. घर विकून कर्ज फेडू म्हणतो. त्या कागदामुळं त्याला माझी सही बी लागत नाय."

"मग ओरड की गं!"

"कुणाच्या जिवावर? माझ्या मयताला खांदा द्यायला तोच हाय."

ऐन मे महिन्यात तिचे दात वाजत होते.

शुक्रवारी रिझवान नमाजाला गेला, तशा आम्ही रिक्षात बसलो. खालापूरला प्राची वकील, माझ्या पुतणीची सून. वाटेत रिझवानच्यासारखी स्कूटर दिसली की सफुरा माझा हात दाबायची. पोचेपर्यंत हाताची चटणी झाली.

प्राचीनं विचारलं, "आजी, कागदात काय आहे, ते वकिलांनी स्वतः समजावलं?"

"नाय. रिझवाननं."

"म्हणजे ज्याचा फायदा, त्यानंच समजावलं. मग तुम्ही अंगठा समजून दिलात, हे कोर्टात त्यानं सिद्ध करायचं. पण आधी मुखत्यारपत्र रद्द करू. बँकेला आणि त्याला नोटीस धाडू."

"त्याला बी?"

"कळवावं तर लागेलच, आजी."

प्राचीनं रद्द करायचा कागद तयार करून पुढं ठेवला. सफुरा म्हणाली, "वाच. मराठीत, सावकाश." प्राचीनं दोनदा वाचलं, तेव्हा कुठे तिनं अंगठा उठवला.

परतलो तर रिझवान ओट्यावर बसलेला. "कुठं गेल्तीस फुफी?"

मी दवाखाना म्हणणार, एवढ्यात ती बोलून मोकळी झाली. "खालापूरला. तुझी मुखत्यारी रद्द करायला. नोटीस येईल तुला."

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या मायेनं बोलला की माझ्या अंगावर काटा आला. "दमलीस गं. चल, आत चल. जेव. मग बोलू आपण." आणि दार उघडून धरलं.

सफुरा आपल्याच उंबऱ्याशी उभी.

"आवडी," ती म्हणाली, "मी तुझ्याकडं येते."

रिझवान दार धरून उभाच होता. आम्ही माझ्या घरात शिरलो आणि मी आतून कडी घातली.