बाळने हात वर केला नाही

बाळ आणि मी हेन्डरसन या उपनगरातल्या पत्र्याच्या एकाच कारखान्यात होतो. त्याने घासलेली कड मी कधी पुन्हा तपासली नाही. एवढी शिफारस पुरे.

बर्फाशी त्याचा संबंध कामातूनच आला. रुआपेहू डोंगरावरच्या एका लहान स्की क्लबात, माणसांना वर ओढणाऱ्या दोराची कप्पी मोडली. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात बाळ ती बसवायला गेला. क्लबातल्या ट्रेवरने मजुरीच्या वर आपले जुने चामडी बूट दिले आणि दुपारभर त्याला उतारावर शिकवलं. बाळ पडायचा. ट्रेवर हात द्यायचा नाही, नुसता थांबायचा. बाळला ते पटलं. मग तो दर हिवाळ्यात जाऊ लागला. ते बूट अजून त्याच्या गॅरेजमध्ये आहेत, आत वर्तमानपत्र कोंबलेले.

गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, क्लबाने जुन्या सामानाची शर्यत ठेवली. लांब सरळ स्की, लोकरी स्वेटर, फाटकांना, म्हणजे ज्या दोन काठ्यांमधून जायचं त्यांना, प्लास्टिकऐवजी बांबू. पूर्वी बांबू खांद्याने हाणत उतरायचे आणि संध्याकाळी जो तो आपला काळानिळा खांदा दाखवायचा. नियमही जुनाच. प्रत्येक फाटकापाशी एक माणूस. फाटक चुकलेलं दिसलं की त्याने हात वर करायचा, धाव बाद. त्यावर अपील नाही. शेवटचं फाटक उंचवट्यामागे होतं, तिथे बाळ; खालून फाटक दिसायचं नाही, त्याचा हात तेवढा दिसायचा. खाली घड्याळ घेऊन मी.

शर्यतीत आमच्या ओळखीतली सुखदाही होती. अल्बनीला राहते, फार्मसिस्ट आहे. तिने गंजलेली जुनी जोडी मिळवली होती आणि शनिवार शनिवार बाळच्या गॅरेजमध्ये त्या स्कींच्या लोखंडी कडा घासत होती. कानस एकाच दिशेने ओढायची. घाई केली की कड बिघडते.

"बाळकाका, आता बास ना?"

"नखावर ओढून बघ. नखाची साल निघाली तर बास."

निघायची नाही. ती पुन्हा कानस उचलायची.

ट्रेवर आता अठ्ठ्याहत्तरचा, खुब्याचं ऑपरेशन झालेला. ही आपली शेवटची शर्यत, असं त्यानेच सकाळी सांगितलं होतं. माझ्या घड्याळात तो पहिला आला, सुखदा जेमतेम मागे. ट्रेवरला कप मिळाला. सगळ्यात जोरात टाळ्या सुखदाने वाजवल्या.

परतताना वाटेत तौमारुनुई गावात चहा घेतला, तो बाळने न पिताच ओतून दिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ट्रेवरचं फाटक चुकलं. एक स्की बांबूच्या बाहेरून गेली."

"मग हात?"

"उचलेना. वडीलधाऱ्या माणसाची शेवटची धाव मी बाद करायची?"

पुन्हा गाडीत बसलो. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आणि त्या पोरीला मी एकेक कड चारचारदा घासायला लावली."

आठवडाभर तो नीट जेवला नाही. मग त्याने ट्रेवरला फोन केला. ट्रेवर म्हणाला, आपल्याला शंका आली होती. खाली थांबून वर पाहिलं, तर बाळचा हात खाली. म्हणजे स्की आतूनच गेली असणार, असं त्याने धरलं. बाळ चूक दिसूनही गप्प राहील हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो रागावला नाही. कप मात्र दोन दिवसांत बाळकडे कुरियरने आला, लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळलेला.

आम्ही दोघं अल्बनीला गेलो. बाळने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. "राहू दे हो काका," असं ती म्हणेल, अशी त्याला आशा असावी. मला तरी होती. सुखदाने कप घेतला, टीव्हीशेजारी ठेवला आणि चहा टाकला. चहा हातात देताना म्हणाली, "मला दुसरा नंबरही चालला असता, बाळकाका. पण तुमच्याकडे थोडं चुकलेलं चालतं, हे आधी सांगायचं होतंत."

बाळने चहा उभ्यानेच संपवला.

पुढच्या हिवाळ्यात फाटकावर नको, दोराच्या कामावर ठेवा, असं त्याने क्लबाला कळवलं आहे.

सुखदा अजून शनिवारी येते. अबोला नाही. कामाला बसते, कानस एकाच दिशेने ओढते. पण "बास ना?" म्हणून विचारत नाही. आपल्याच नखावर कड ओढते, साल बघते आणि स्की भिंतीला लावून ठेवते. बाळ बाजूला उभा असतो, हातात फडकं घेऊन.