तेहतीस पावत्या, तेहतीस उखाणे

आमच्या चारूला नवऱ्याचं नाव घ्यायला सांगा, कानापर्यंत लाल होते. चारू म्हणजे चारुलता, कराडात आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. तिचे मालक सुमंतराव मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर कारकून. माणूसही गुळासारखाच, गोड आणि चिकट. एकदा कुणाच्या ओट्यावर बसला की उठायचं नाव नाही.

त्र्याण्णव साली सुमंतरावांना स्कूटर हवी झाली. घरापासून अडत चालत सात मिनिटांवर! पण नाही, स्कूटर पाहिजेच. पतसंस्थेतून कर्ज काढलं, छत्तीस हप्त्यांचं. मुख्य कर्जदार सुमंतराव, आणि खाली सहकर्जदार म्हणून चारूची सही. "कुठं करू?" "इथं." केली. वाचलं का? डोंबल! मी शेजारीच बसले होते, मी तरी कुठं वाचलं?

पगारात घर जेमतेम चालायचं, म्हणून हप्ता चारूनं द्यायचा असं ठरलं. ती हातानं साड्यांना फॉल लावायची. साडी-साडी करून हप्त्याचे पैसे जमवायचे आणि ह्यांच्या खिशात घालायचे. पैसे स्कूटरवरून पतसंस्थेकडे निघायचे आणि वाटेत मिसळीच्या हॉटेलात उतरायचे, चार मित्रांसकट. "पुढच्या महिन्यात दोन एकदम भरू की, चारू!" असे तीन महिने गेले.

मग आली संक्रांत. चारूकडे हळदीकुंकवाला आम्ही वीसेक बायका, तोंडात तिळाचे लाडू, आणि दारात पोस्टमन. "चारुलताबाई कोण? सही करा." पाकिटावर लाल शिक्का, थकबाकी. सगळ्यांचं चावणं एकदम थांबलं. माझं सोडून, मला लाडू आवडतात.

त्या दिवशी चारू फक्त एवढंच म्हणाली, "अहो, उद्यापासून मी भरीन." दुसऱ्या दिवशी भिशी उचलली, मागचे तीन आणि चालू एक असे चार हप्ते घेऊन काउंटरवर उभी राहिली. मी सोबतीला. कॅशियर गंगाधरपंत. चष्मा नाकावर, जीभ तिखट.

"कुणाच्या खात्यावर?"

चारूनं पासबुक पुढं केलं.

"मला वाचायचा कंटाळा. नाव सांगा."

"आमच्या ह्यांच्या."

"ह्यांच्या नावाचे चौदा खातेदार आहेत आमच्याकडे. नाव घेतल्याशिवाय शिक्का नाही!"

मागं रांग खोळंबलेली. मी कोपरानं ढोसलं, "घे की गं, लग्नात घेतलंस ना?" चारूनं खाली बघितलं, पदर बोटाला गुंडाळला आणि म्हणाली:

"कृष्णेला भेटली कोयना, संगमावर घाट,
सुमंतरावांच्या हप्त्याची कॅशियर बघतात वाट."

रांगेनं टाळ्या वाजवल्या. गंगाधरपंतांनी चारही हप्त्यांच्या एकाच पावतीवर शिक्का हाणला आणि तिचा पतसंस्थेकडे राहणारा तुकडा उलटा करून त्यावर उखाणा लिहून घेतला. "आमच्या भार्गवीचं लग्न ठरेल तवा कामाला येतील," म्हणाले. मग काय, दर पाच तारखेला चारू हप्ता भरणार, नवा उखाणा घेणार आणि पंत तो पावतीमागं उतरवणार. लोक पाच तारखेलाच आपली कामं काढून यायला लागले. एकदा तर तिनं ह्यांनाच धुतलं:

"स्कूटरला लागतं पेट्रोल, चुलीला लागतं जळण,
सुमंतरावांच्या खिशाला नाही मुळी वळण."

शहाण्णव सालच्या सप्टेंबरात चारूनं शेवटचा हप्ता भरला. पाठोपाठ साडीवाले नईमभाई म्हणाले, "वहिनी, तुळशीच्या लग्नाआधी पिकोचं मशीन घ्या. दुकानातल्या सगळ्या साड्यांचं पिको-फॉल तुम्हालाच. नाहीतर मला दुसरीकडं द्यावं लागेल." लग्नसराईतल्या त्या साड्या! चारू हवेत. पतसंस्थेत स्वतःच्या नावानं नऊ हजारांचा अर्ज टाकला. आठ दिवसांत उलटा आला. कारण काय? फेडलेल्या हप्त्यांची नोंद मुख्य कर्जदाराच्या पानावर, आणि थकबाकीची नोटीस मात्र दोघांच्या पानांवर; सुमंतरावांच्या पानावरची हप्ते भरल्यावर खोडलेली, चारूच्या पानावरची तशीच. म्हणजे चारूच्या पानावर एवढी एकच ओळ: तीन हप्ते थकले.

"मावशी, भरलं मी आणि थकले पण मीच?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला, देव माफ करो, हसू. मी म्हटलं, "चल, परवा वार्षिक सभा आहे. तिथं विचारू."

सभेत गंमत बघा. वेळेवर कर्ज फेडणाऱ्यांचा सत्कार! पहिलंच नाव सुमंतरावांचं. शाल, नारळ, स्टीलचा डबा. ते आपले छाती काढून उभे. चारूच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मी तिला चिमटा काढला तशी ती उठलीच.

"अध्यक्षसाहेब, माझा अर्ज का परत आला?"

अध्यक्ष हंबीरराव, गडगडाटी माणूस. "आवं बाई, तुमच्या पानावर थकबाकी हाय. मालकांचं पान बघा, लखलखीत!"

"ते मीच भरलेत."

"आसं समद्याच म्हणत्यात. पुरावा काय?"

तेवढ्यात गंगाधरपंत खुर्चीवरून उठले, आत गेले आणि पावत्यांची फाइल घेऊन आले. "साहेब, पावत्या उलट्या करून वाचा."

हंबीररावांनी चष्मा लावला. पहिला उखाणा वाचला, खाकरले. दुसरा वाचला. खिशाला वळण नसल्याचा आला तेव्हा सभा अशी फुटली की सतरंजीवरची पोरं उठून बसली. "तेहतीस पावत्या, तेहतीस उखाणे," पंत म्हणाले, "पहिली सोडली तर चार तारीख नाही, सहा तारीख नाही. ह्यात सुमंतरावांचा उखाणा एक असेल तर माझी नोकरी जाईल."

हंबीरराव डोळे पुसत म्हणाले, "मंजूर! पर जामीन कोण? मालक चालतील?"

"मालकांनी स्वतः एक हप्ता भरलेला नाही, साहेब," पंत म्हणाले. "कच्चे पडतील."

सुमंतरावांनी गुपचूप नारळ आणि डबा चारूच्या मांडीवर आणून ठेवला. "शाल ठेवू का गं? थंडी येतीय आता."

जामीन मी राहिले. ह्या वेळी मात्र कागद दोघींनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दोन तास लागले.

मशीन दिवाळीत आलं. तुळशीची लग्नं लागली तशा नईमभाईंच्या साड्यांचे गठ्ठे खोलीत छताला टेकले, आणि डिसेंबरच्या पाच तारखेला चारूला मशीनवरून उठता येईना. सुमंतराव म्हणाले, "आण, मी भरून येतो." चारूनं माझ्याकडं बघितलं. मी चपला घातल्या आणि मिसळीच्या हॉटेलावरून त्यांना दंडाला धरून पुढं नेलं.

काउंटरवर गंगाधरपंत. "कुणाच्या खात्यावर?"

"आमच्या हिच्या."

"नाव घेतल्याशिवाय शिक्का नाही."

रांग हसायला लागली. सुमंतरावांना घाम फुटला. टोपी काढली, घातली, छताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी सांगते थोडीच! शेवटी डोळे मिटून एका दमात:

"पिकोच्या मशीनला सुई, सुईला लागतो दोरा,
चारुलताचा हप्ता आणलाय, शिक्का तेवढा मारा!"

पंतांनी शिक्का मारला आणि पावती उलटी केली.