वाडवडिलांचा वाटा

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीत मी अहेरीला नोकरीला होतो. जवळच्या जंगलातल्या गावात एका लग्नाला गेलो, तेव्हा पंगतीत एक माणूस शेजारी बसला होता. पन्नाशीचा, हाडकुळा, नाव विचारायचं राहून गेलं. पानांच्या द्रोणांतून मोहाची दारू वाढत होते. पिण्याआधी चार थेंब वाडवडिलांच्या नावानं जमिनीवर सांडायचे, अशी तिथली रीत. त्यानं द्रोण कपाळाला लावला आणि सगळीच दारू सावकाश जमिनीवर ओतली. त्याची नजर धारेवरून हलली नाही. वाढणाऱ्यानं पुन्हा भरला, त्यानं पुन्हा ओतला.

"सोडली काय, भाऊ?" मी विचारलं.

"सोडली म्हटलं का लोक जबरदस्तीनं पाजतेत," तो म्हणाला. "मी बुढ्यायले देऊन राह्यलो. इतके वर्स त्यायचा वाटा मीच पेलो."

दारू सोडलेले बहुतेक लोक अशा पंगती टाळतात. हा मात्र मांडी घालून बसला होता. जेवण आल्यावर त्यानं त्याच द्रोणात पाणी मागितलं. त्यातले मात्र चारच थेंब जमिनीवर सांडले आणि बाकीचं आपण प्यायला.