ती चहाला बसली की

चहाचा कप हातात आला की ती म्हणायची, "आता मी घरात नाय हं." आणि खरंच नसायची. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आमचा तांदळाचा पत्र्याचा डबा होता. त्याच्यावर बसायची. तोंड बाहेर, पाठ आमच्याकडं. मग मागं भांडं पडो, फोन वाजो, ती वळायची नाही.

बाहेर बघण्यासारखं काय होतं म्हणाल तर काही नाही. कोपरखैरण्यातली आमची मागची गल्ली. दोन घरांच्या भिंती, मधून गटार, टाक्यांचे पाइप आणि कुणीतरी लावून विसरलेला शेवगा. त्या खिडकीतून मी आयुष्यभर बघितलं, मला कधी काही दिसलं नाही. ती पोरगी मात्र तिकीट काढून बसल्यासारखी बसायची. एक घोट घ्यायची, थांबायची, मग दुसरा.

तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर आजारी माणूस सांभाळणाऱ्या ब्युरोच्या बाया तुम्हाला ठाऊक असतील. सकाळी येतात, दिवेलागणीला जातात. माझ्या बायकोची उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं, तेव्हापासून आमच्याकडं त्या येत होत्या. पहिली आली ती झोपायची. दुसरी फोनवर नवऱ्याशी भांडायची आणि त्याचा राग माझ्या बायकोच्या अंगावर पाणी ओतताना काढायची. तिसरी ही. पोरगीच, पंचविशीची. मूळची उरणकडच्या गावातली, उलव्याला आईबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. लग्न होऊन मोडलेलं. बस बदलत यायची.

मी माथाडी. जन्म मार्केटात कांद्याबटाट्याच्या गोण्या वाहण्यात गेला आणि पाठीचे मणकेही तिथंच गेले. बायकोची आजारात नुसती हाडं उरली होती, पण तिला कुशीवर वळवायचं म्हटलं तरी माझी पाठ धरायची. म्हणून ब्युरो. त्याचं सगळं पुण्याचा मुलगा बघायचा.

पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. पोरगी डब्यावर बसलेली, आतून बायकोनं पाणी मागितलं. मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, "अगं ए, ऐकू येत नाही का? आजी पाणी मागतीय."

ती वळली नाही. "मी घरात नाय. तुमी हाव ना?"

"मी आहे. पण..."

"मंग द्या की."

चरफडत उठलो. पेला ओठाला लावला तर निम्मं पाणी उशीवर. बायको हसली. तिला एकाच बाजूनं हसता यायचं. डाव्या हातानं तिनं चमचा दाखवला. मग चमच्याचमच्यानं पाजलं. पाजून होईस्तोवर आत कप विसळल्याचा आवाज आला आणि पोरगी दारात उभी. "आले मी घरी," म्हणाली. जशी काय बाजारातून आली.

दमलेल्या घरात असं माणूस आलं की आधी रागच येतो. मला तर सकाळ झाली की कंटाळा यायचा. औषधं, डायपर, थुंकीचं भांडं, फोनवर "आता कशा आहेत" विचारणारे लोक. आणि ही दारातून हसत यायची.

"काय झालं गं हसायला?"

"आजोबा, आज बसला खिडकी गावली."

"मग?"

"मंग काय मंग? खिडकी गावली!"

नवा साबण काढला की आधी त्याचा कागद नाकाला लावायची. मग तो कागद घडी घालून पिशवीत, कपड्यांच्या मधे. मी म्हटलं, "कचरा कशाला गोळा करतीस?" तर म्हणे, "वास हाय ना अजून. वास कशाला टाकायचा?" मोटर चालू होऊन नळाला पाणी आलं की नळावर थाप मारायची, "शाबास." बुधवारी डब्यात तळलेली मांदेली आणायची आणि प्रत्येक काटा असा चोखायची, की आमच्यासारख्या मटण खाणाऱ्या माणसालाही वाटावं, आपलं काहीतरी राहून गेलं.

थंडीच्या दिवसांत दुपारी गच्चीवरून वाळलेल्या चादरी आणायची. घडी घालायला थांबायची नाही. उन्हानं तापलेली चादर तशीच धावत आणून बायकोच्या अंगावर टाकायची, हनुवटीपर्यंत ओढायची. "आजी, गरम हाय तवर घ्या." बायको डोळे मिटून घ्यायची. औषधानं तिचा चेहरा तसा झालेला मी कधी बघितला नाही.

"मलाही टाक की एक," मी एकदा म्हटलं.

"तुमी गच्चीवर जावा. तिथं फुकट हाय."

पुढं एक गोष्ट झाली, ती मला फार उशिरा कळली. दुपार कलली की बायको "चहा, चहा" करायला लागायची. मला वाटायचं, तिलाच हवाय. तर ती मान हलवून पोरीकडं बोट करायची. तिला दे. पोरगी म्हणायची, "आजी, माज्यापेक्षा तुमालाच घाई." मग चहाच्या आधी बायको तिच्याकडून केस विंचरून घ्यायला लागली. पावडरही लावून घ्यायची.

मी विचारलं, "कोण येणार आहे काय?"

"येनार हाय एक म्हातारा," पोरगी म्हणाली आणि कप घेऊन खिडकीशी गेली.

तेवढ्या वेळात आम्ही दोघं काय करायचो? काही नाही. मी तिचा मेलेला हात चोळायचो. मार्केटातल्या जुन्या लोकांचं सांगायचो, कोण गेलं, कुणाची पोरगी कुठं दिली. मी चुकीचं नाव घेतलं की ती डाव्या हातानं माझ्या मनगटावर मारायची. उशी सरकली की मी बसवायचो. वाकलो की पाठीत कळ यायची, ती आली की शिवी यायची, आणि शिवी आली की बायको अर्ध्या तोंडानं हसायची. कप विसळल्याचा आवाज आला की मी उठायचो.

मग मुलगा एकदा पुण्याहून आला आणि कपाटावर कॅमेरा बसवून गेला. सोललेल्या अंड्याएवढा, पांढरा. पुण्यात बसून त्याला आई दिसणार. पोरगी रोज आल्यावर त्याच्याकडं बघून हात करायची. "दादा, गुड मॉर्निंग. आजीनी काल दीड इडली खाल्ली." मला तो डोळा आवडायचा नाही. एकदा त्याच्यावर टॉवेल टाकला तर लगेच फोन.

"बाबा, कॅमेऱ्याला काय झालं?"

"तुझ्या आईचं अंग पुसतायत. बघायचंय?"

फोन ठेवला त्यानं.

पण कपाटावरून पलंग दिसायचा तसा दारातून खिडकीखालचा तो डबाही दिसायचा. एका शनिवारी मुलाचा फोन आला. आवाज चढलेला. "बाबा, ती बाई रोज पाठ फिरवून आरामात चहा पितेय, आणि तुम्ही मणका गेलेला माणूस वाकून आईची उशी सारखी करताय? उद्या तुम्ही पडलात तर दोघांना कोण बघणार? मी ब्युरोला सांगितलंय. सोमवारपासून दुसरी येईल."

पोर वाईट नाही. त्याला जे दिसलं ते तसंच होतं. पण दुसरी कशी येईल, झोपणारी की भांडणारी, कुणाला ठाऊक. आणि ह्या पोरीला पुढची ड्युटी कधी मिळेल, तेही कुणाला ठाऊक. घरी तिची आई दम्यानं बसून.

मी तिला म्हटलं, "हे बघ. आजपासून चहा इथं पलंगापाशी बसून घे. त्याला दिसेल तसं. मी त्याला समजावतो. विषय संपला."

ती बायकोची नखं काढत होती. मान वर न करता म्हणाली, "नाय."

"का नाय? चहाच तो. इथं प्यायला काय, तिथं प्यायला काय."

"आजोबा, दिसभर मी तुमची हाय. उठवा, बसवा, काय पन काढायला लावा. तेवढा टाइम माजा हाय."

"अगं, काम जाईल."

"जाऊंदे." एक नख काढलं. दुसरं काढलं. मग म्हणाली, "सासरी मला चहा मिलायचा. बसून नाय मिलायचा कदी."

त्या दिवशी तिनं सगळी कामं केली, चहाही घेतला, डब्यावर बसूनच घेतला, पण जाताना चेहरा उतरलेला होता. तिनं चादरी जास्तीच्या धुतल्या, औषधांच्या डबीवर सकाळ-दुपार-रात्रीच्या खुणा करून ठेवल्या. दुसऱ्या कुणाला सोपं जावं म्हणून. बायको सगळं बघत होती.

रविवारी, पोरीच्या सुट्टीच्या दिवशी, मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मी बोलत होतो तर बायकोनं डावा हात पुढं केला. फोन दे. मी तिच्या तोंडापुढं धरला. एकेक शब्द ती गोणी उचलावी तसा उचलत होती.

"ती... चहाला... बसली की... तुझा बाप... माझ्याजवळ येतो."

मुलाला कळलं नाही. "आई, बाबा घरातच असतात की."

"घरात... असतात." दम घेतला तिनं. "जवळ... तेव्हाच."

फोनमधून मुलाचा चेहरा दिसत होता. तो कुठंतरी बाजूला बघत होता. मी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "बरं आई."

सोमवारी दार वाजलं तर तीच. चपला काढल्या, आत गेली, कपाटाकडं बघून म्हणाली, "दादा, थँक्यू हं." आणि मला, "आजोबा, आज बसमधे उभी राहून आले. पाय मोडले. पन जाऊंदे."

थंडी सरता सरता बायकोनं खाणं सोडलं. डॉक्टर बघून गेले, म्हणाले, आता हलवू नका. मुलगा सुनेला घेऊन निघाला. पोरगी सकाळपासून उभी होती, ओल्या कापसानं बायकोचे ओठ भिजवत. दुपार कलली.

"चहा घे," मी म्हटलं.

"आज नको."

"घे म्हणतो ना. मी आहे."

मीच केला. साखर जास्त पडली. तिनं कप घेतला, एकदा बायकोकडं बघितलं आणि खिडकीशी गेली. मी पलंगावर बसलो. डावा हात हातात घेतला, चांगला. श्वास यायचा, थांबायचा, परत यायचा. शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मी पुढच्या श्वासाची वाट बघितली. तो आला नाही.

हाक मारायला तोंड उघडलं होतं. आतून पोरीच्या घोटाचा आवाज आला. म्हटलं, पिऊ दे. माझी बायको काही आता कुठं जात नव्हती. हात अजून गरम होता. मी तो चोळत बसलो.

पोरगी कप विसळून आली आणि दारातच थांबली. तिला सांगावं लागलं नाही.

"हाक का नाय मारलीत?"

"म्हटलं, चहा होऊ दे तुझा."

ती पलंगाच्या पलीकडच्या बाजूला खाली बसली. गादीवर डोकं टेकलं. आम्ही दोघांनी थोडा वेळ कुणालाच कळवलं नाही.

मग माणसं आली. गल्लीतली, मार्केटातली, घणसोलीहून माझा धाकटा भाऊ आणि भावजय. भावजयीनं पदर खोचला आणि पोरीला म्हणाली, "बाई, आता तुमचं काम झालं. आता घरच्या आहेत." ब्युरोत तसंच असतं. पेशंट गेला की ड्युटी संपली. पोरगी उठली. पिशवी उचलली आणि भिंतीला लागून उभी राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अंघोळ तीच घालेल."

"अहो भाऊजी, परक्या बाईनं..."

"माझ्या बायकोला कुठं दुखतं, तुमच्यातल्या एकीला तरी ठाऊक आहे? तिला आहे."

बायांनी दार लोटून घेतलं. मी बाहेर बसलो होतो, लोक काहीबाही बोलत होते. आतून पाण्याचा आवाज आला, आणि मग पोरीचा, रोजच्यासारखाच, "आजी, हात उचलते हं. जरा लागंल. झाला, झाला." ते ऐकून आत एकदम रडं फुटलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं भावजयच रडली.

स्मशानातून आम्ही चांगला अंधार पडल्यावर परत आलो. दारात बादली ठेवलेली होती. पाय धुताना मी आत बघितलं. पलंग मोकळा होता, गादी गच्चीवर गेलेली, फरशी पुसून कोरडी केलेली. दाराशी चपलांचा ढीग पडला होता, बायकांच्या, पोरांच्या, एकावर एक. मी पायांवर पाणी घेत उगीच त्या ढिगात बघत राहिलो. मुलगा म्हणाला, "बाबा, चला आत." पोरीची जोडी त्यात नव्हती.